हिगाशी-इकेबुकुरोचं ताइशोकेन आणि तिथली रांग

वाटसरू_तोक्यो

टोकियोत रामेन (म्हणजे सुपातल्या शेवया) खायचं तर कुठे, हा प्रश्न इथे दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतं आणि प्रतिसादांत तीच ती विमानतळावरची नि स्टेशनातली साखळी दुकानं येतात. म्हणून या वेळी एकाच दुकानाबद्दल लिहितोय. शहरातलं सर्वोत्तम रामेन इथे मिळतं असा दावा नाही. पण गल्लीतल्या लहानशा दुकानावर लोक जीव टाकतात म्हणजे काय, ते मला इथे कळलं.

दुकानाचं नाव ताइशोकेन. ते उभं केलं यामागिशी काझुओ यांनी. हा माणूस १९३४ सालचा, नागानोकडचा. कोवळ्या वयात टोकियोला आला आणि नात्यातल्या एका मोठ्या भावाच्या हाताखाली रामेन शिकला. नाकानोच्या त्या दुकानात काम करणारी मंडळी मधल्या वेळेत काय खायची, तर चाळणीत उरलेल्या शेवया गोळा करायची, वाटीत गरम सूप आणि सोया सॉस घालायची आणि त्यात बुडवून खायची. समोरच्या गिऱ्हाइकांनी ते पाहिलं आणि आम्हालाही द्या म्हणून मागे लागले. १९५५ साली ते मेनूवर आलं, नाव 'तोकुसेइ मोरिसोबा', किंमत ४० येन. साधं रामेन तेव्हा ३५ येनला होतं. आज जपानभर ज्याला त्सुकेमेन म्हणतात त्याची सुरुवात ही अशी, कामगारांच्या पोटपूजेतून.

१९६१ साली यामागिशींनी टोकियोच्या हिगाशी-इकेबुकुरो भागात स्वतःचं दुकान थाटलं. तेव्हा तिथे सनशाइन ६० ची गगनचुंबी इमारत नव्हती, सुगामोचा तुरुंग होता. तुरुंग पडला, १९७८ साली इमारत उभी राहिली, आजूबाजूचं सगळं बदललं. दुकान तेच, काउंटर तोच, डोक्याला पंचासारखा टॉवेल गुंडाळलेला गोलमटोल मालक तोच. १९८६ साली पत्नी गेली. दोघांनी मिळून चालवलेलं दुकान, त्यामुळे त्यानंतर काही महिने ते बंदच राहिलं. पुन्हा उघडल्यावर मात्र यामागिशींनी शिष्य घ्यायला सुरुवात केली आणि जो येईल त्याला शिकवलं. कृती लपवली नाही, नाव वापरायचे पैसे घेतले नाहीत. शंभरावर माणसं त्यांच्या हाताखालून गेली असं म्हणतात.

२००७ च्या मार्चमध्ये पुनर्विकासात जुनी जागा गेली. शेवटच्या दिवशी शेकडो लोक रांगेत होते आणि टीव्हीवाल्यांनी ते सगळं दाखवलं. २००८ च्या जानेवारीत जवळच नव्या जागेत शिष्याने दुकान पुन्हा सुरू केलं. यामागिशींचे पाय तोवर साथ देईनासे झाले होते. ते दारापुढे खुर्ची टाकून बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायचे, फोटोला उभे... नाही, बसून राहायचे. १ एप्रिल २०१५ ला गेले.

मी टोकियोत राहायला आलो तेव्हा जुनं दुकान इतिहासजमा झालं होतं. तेव्हा जे लिहितोय ते नव्या जागेबद्दल आणि तिथल्या जुन्या गिऱ्हाइकांकडून ऐकलेलं. कुणी मूळ दुकानात खाल्लं असेल तर जरूर लिहा.

सांजवेळ

मस्त धागा. वाचनखूण साठवली.

पण ते वाढतात कसं, खायचं कसं, ते नीट लिही ना. तू इतिहासात शिरलास की जेवणाचं ताट थंड होतं.

वाटसरू_तोक्यो

@सांजवेळ, घे.

दोन वाडगे येतात. एकात शेवया, धुतलेल्या आणि गार. दुसऱ्यात सूप, वाफाळतं. शेवयांची रास बघूनच नवखा माणूस दचकतो, कारण नेहमीच्या रामेनच्या दीडपट-दुप्पट ऐवज असतो. शेवई मध्यम जाड, पिवळसर, दुकानातच केलेली, अंडं घातलेली. सूप डुकराच्या आणि कोंबडीच्या हाडांचं, सोबत सुकवलेले मासे, भाज्या. शिवाय साखर, व्हिनेगर आणि मिरची. म्हणजे चव आंबटगोड आणि शेवटी घशाशी किंचित तिखट. सूपात चार्शूचा म्हणजे डुकराच्या मांसाचा तुकडा, बांबूचे कोंब, अर्धं उकडलेलं अंडं, नारुतोची म्हणजे माशाच्या वडीची एक चकती.

काउंटरवर बसलात तर आचाऱ्याचे हात बघा. शेवया उकळत्या पाण्यातून काढल्या की थेट गार पाण्याखाली. नुसत्या बुचकळत नाहीत, दोन्ही हातांनी चोळून धुतात. वरचा पिठूळ चिकटा निघेपर्यंत पाणी गढूळ येतं, मग स्वच्छ. नंतर चाळणी झटकून, दाबून पाणी काढतात. हे नीट झालं नाही तर शेवई बुळबुळीत लागते आणि सूपही पाणचट होतं. मला विचाराल तर त्सुकेमेनचं अर्धं कौशल्य या नळाखाली आहे.

खाताना तीन-चार शेवया उचलायच्या, अर्ध्या बुडवायच्या, सुर्रकन ओढायच्या. सगळा गठ्ठा एकदम बुडवलात तर सूप दोन मिनिटांत गार. शेवया संपल्या की उरलेलं सूप तसंच प्यायला फार तीव्र असतं. तेव्हा काउंटरवर वाटी ठेवून 'सूप-वारी' मागायचं. त्यात गरम साधं सूप ओततात, मग ते प्यायचं. फुकट असतं.

तिरफळ

धागा चांगला, पण थोडं पाणी ओततो.

ताइशोकेनचं नाव मोठं, लक्षण... ठीक आहे. गोडसर पातळ सूप आणि मऊ शेवया. आजच्या पिढीच्या त्सुकेमेनमध्ये डुकराची हाडं आणि मासे इतके आटवतात की सूप शेवईला लेपासारखं चिकटतं. ते एकदा खाल्लं की ताइशोकेन म्हणजे आजोबांच्या जमान्यातली गोष्ट वाटते. लोक यामागिशींना भेटायला जात होते. ते गेल्यावर आता कशाला जातात? आठवणींना भेटायला. चवीसाठी नव्हे.

नारळीभात

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

एकच विनंती, मिसळीचा विषय कुणी काढू नका. मागच्या खाऊच्या धाग्याचं काय झालं ते सगळ्यांना आठवतंय.

वाटसरू_तोक्यो

@तिरफळ, पातळ आहे हे मान्य. मऊ नाही. आणि घट्ट सूप म्हणजे चांगलं सूप हे कुठून आलं? मला ते लेपवालं चार घास आवडतं, पाचव्या घासाला जीभ थकते. ताइशोकेनचं आंबटगोड सूप एवढी मोठी रास संपवायला मदत करतं. व्हिनेगर त्यासाठीच आहे.

"माणसाला भेटायला जात होते" यात तुला उणेपणा का दिसतो तेही कळलं नाही. चाळीस वर्षं एकाच काउंटरमागे उभं राहून, आलेल्याला पोट फुटेस्तोवर वाढणारा माणूस चवीचा भाग नाही?

गोदाकाठ

मी विद्यार्थी असताना मिता भागात राहायचो. तेव्हा आमचं दैवत वेगळं, रामेन जिरो. तेही गल्लीतलंच, केइओ विद्यापीठाजवळ, एका त्रिकोणी कोपऱ्यावर, पिवळी पाटी. मालक यामादा ताकुमी. १९६८ साली दुसरीकडे सुरू झालं, नंतर मिताला आलं. १९९६ च्या सुमारास रस्तारुंदीत जागा गेली, तेव्हा या दुकानाला विद्यापीठाच्या आवारात जागा द्या म्हणून विद्यार्थ्यांनी सह्यांची मोहीम काढली होती. आवारात काही जागा मिळाली नाही, पण पुढे जवळच दुकान लागलं. पुढे विद्यापीठानेच यामादांना मानाचं माजी विद्यार्थीपद दिलं. स्वतः तिथे शिकलेले नसताना!

पदार्थ म्हणाल तर नाजूक अजिबात नाही. जाड, खडबडीत शेवई, पावासाठी वापरतात त्या 'ओशोन' नावाच्या पिठाची. ते पीठ तसं हलक्या प्रतीचं, रंगाने करडं, पण गव्हाचा वास त्यातच जास्त येतो. वर मोड आलेले मूग आणि कोबीचा डोंगर, पाठीच्या चरबीचे थुलथुलीत तुकडे, मांसाचा तुकडा नव्हे, ठोकळा. वाडगा द्यायच्या आधी काउंटरमागून विचारतात, "लसूण घालू?" याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच नसतं. भाजी किती, चरबी किती, खारट किती, लसूण किती, सगळं एका दमात सांगायचं. नवीन पोरं रांगेत उभी राहून हे पाठ करतात.

आमच्या टोळीत वाडगा अर्धा टाकणाऱ्याला आठवडाभर टोमणे. मालक स्वतः काही बोलत नसे, पण शेजारचा नियमित गिऱ्हाईक बघायचा तुमच्याकडे!

भरड

बाकी सगळं ठीक. आम्ही शाकाहारी. आम्ही या धाग्यावर नुसते वास घ्यायचे का?

वाटसरू_तोक्यो

@भरड ताई, खोटं कशाला बोलू, ताइशोकेन आणि जिरो दोन्हीकडे तुम्हाला काहीही नाही. सूप हाडांचं, ताइशोकेनच्या शेवईत अंडं. "मांस काढून द्या" म्हटलं तरी उपयोग नाही, सूप तेच. तसं मागूही नका, त्यांची पंचाईत होते.

टोकियो स्टेशनच्या आत केइयो स्ट्रीटवर टीज तानतान आहे. तिथे मांस, मासे, अंडी, दूध काहीच नाही. तिळाच्या वाटणाचं तानतानमेन घ्या, दणदणीत असतं. फक्त ते तिकीट गेटच्या आत आहे, म्हणजे गाडी पकडायच्या किंवा बदलायच्या वेळी जमवा.

ओवी_क

घरी करून बघणाऱ्यांसाठी थोडं शेवईबद्दल.

रामेनच्या शेवईला जो पिवळेपणा आणि चिवटपणा येतो तो बहुतेक वेळा अंड्याचा नसतो, 'कान्सुइ'चा असतो. हे म्हणजे सोडियम कार्बोनेट आणि पोटॅशियम कार्बोनेट यांचं मिश्रण. आपण उडदाच्या पापडात पापडखार घालतो, तोही अल्कधर्मीच, कुळी एकच. क्षारामुळे मैद्यातलं ग्लुटेन घट्ट होतं आणि पिठातली रंगद्रव्यं पिवळी पडतात. म्हणून नुसत्या मैदा-पाण्याची शेवई रामेनसारखी लागतच नाही.

पुण्यात कान्सुइ सहज मिळत नाही. मी खायचा सोडा ताटलीत पसरून ओव्हनमध्ये १२० अंशांवर तासभर भाजते. सोड्याचं कार्बोनेट होतं, वजन एक तृतीयांशाहून थोडं जास्त घटतं. १०० ग्रॅम मैद्याला हा भाजलेला सोडा एक-दीड ग्रॅम, पाणी ३८-४० ग्रॅम, चिमूटभर मीठ. पाण्यात सोडा आधी विरघळवायचा. पीठ मळलं जात नाही, भुरभुरीतच राहतं. घाबरू नका. पिशवीत घालून तासभर ठेवा, मग पायांनी तुडवा (पिशवी स्वच्छ हवी, पायही), मग लाटा. भाजलेला सोडा उघड्या हाताने चिवडू नका, कातडी चुरचुरते.

त्सुकेमेनसाठी जाडसर कापा आणि वर वाटसरूने लिहिलंय तसं नळाखाली चोळून धुवा. पहिल्यांदा मला हे वाया घालवणं वाटलं होतं, आता तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

सांजवेळ

ओवी, तुला साष्टांग. पायांनी तुडवणं वाचून सासूबाई काय म्हणतील याचा विचार करतेय.

पाणकोंबडा

नाण्याची दुसरी बाजू कुणीच लिहिली नाही. रांग. गिऱ्हाइकांचं प्रेम ठीक, पण दुकानाशेजारी राहणाऱ्यांचं काय? ओसाकी भागात रोकुरिन्शा नावाचं त्सुकेमेनचं दुकान २००५ साली निघालं, गर्दी अफाट. रांग लोकांच्या दारांसमोरून जायची, तक्रारी वाढल्या, शेवटी २०१० साली मालकाने ते मूळ दुकानच बंद केलं. चालत नव्हतं म्हणून नाही, फार चाललं म्हणून!

सुगामोचं त्सुता घ्या. काउंटरच्या नऊ जागा. २०१५ च्या डिसेंबरात मिशेलिनचा तारा मिळाला, रामेनच्या दुकानाला जगात पहिलाच. मग सकाळी अनामत घेऊन टोकन वाटायची पाळी आली. रांग लागू नये म्हणून टोकन, आणि टोकनासाठी पहाटे रांग. शेवटी २०१९ च्या अखेरीस ते सुगामो सोडून योयोगी-उएहाराला गेले. गल्लीतल्या माणसाला ते कधीच दुरावलं होतं, हे माझं मत.

वाटसरू_तोक्यो

@पाणकोंबडा, मुद्दा बरोबर. म्हणूनच रांगेचे काही अलिखित नियम आहेत, ते नवख्यांनी पाळावेत. शेजारच्या दुकानाचं दार अडवायचं नाही. मोठ्याने गप्पा नाहीत. एकाने उभं राहून मागाहून चार मित्र घुसवायचे नाहीत, हे जपान्यांना सगळ्यात जास्त खटकतं. बसल्यावर फोटो एखादाच. खाऊन झालं की वाडगा काउंटरच्या वरच्या फळीवर ठेवायचा, आपल्या पुढ्यातली जागा फडक्याने पुसायची, 'गोचिसोसामा' (जेवणाबद्दल आभार) म्हणायचं आणि निघायचं. मागे माणसं उभी असताना पाणी पीत बसणं म्हणजे असभ्यपणाच.

बंदिश_प्रेमी

यामागिशींच्या पश्चात काय झालं तेही लिहा की. शिष्यांत फूट पडली ना? एका बाजूला दुकानाची पाटी सांभाळणारी संघटना, दुसऱ्या बाजूला 'चव आणि मन जपणाऱ्यां'ची वेगळी संघटना, २०१५ सालीच निघाली. गुरू जाऊन वर्ष व्हायच्या आत.

मला हे वाचून आपली गायकीची घराणी आठवली. गुरूने हातचं न राखता सगळ्यांना दिलं, प्रत्येकाने आपल्या गळ्याप्रमाणे घेतलं, आणि आता प्रत्येकजण म्हणतो की अस्सल आमच्याकडे. पाटीवर नाव एकच, पण एका ताइशोकेनमध्ये सूप गोड, दुसऱ्यात आंबट, तिसऱ्यात चक्क घट्ट लेपवालं. मी एका शाखेत (नाव घेत नाही) खाल्लं ते तर कोमट सूप आणि गिचका झालेल्या शेवया. यामागिशींनी नावाचे पैसे घेतले असते, करार केले असते, तर हे झालं नसतं.

तिरफळ

@बंदिश_प्रेमी, +१. उदारपणाची हीच किंमत.

वाटसरू_तोक्यो

तुम्ही दोघंही याकडे तोटा म्हणून बघताय. करार करून पैसे घेतले असते तर आज ताइशोकेन आणखी एक साखळी झालं असतं, सगळीकडे सारखं सूप, मध्यवर्ती कारखान्यातून पिशव्यांत येणारं. शिष्यांनी आपापल्या गल्लीतल्या लोकांच्या जिभेप्रमाणे बदल केले, म्हणून ती दुकानं त्या त्या गल्लीची झाली. इबाराकीतल्या म्हाताऱ्याला हिगाशी-इकेबुकुरोची अस्सल चव कशाला हवी? त्याला त्याचं दुकान हवं. कोमट सूप देणारा शिष्य नालायक, एवढंच.

भांडण मात्र वाईट झालं, त्याबद्दल दुमत नाही.

दुसरा_डबा

धंद्याच्या बाजूने थोडं. माझं काम हॉटेलांच्या हिशेबांशी आहे (जपानात नाही, पण वाचत असतो). तिथे 'हजार येनची भिंत' म्हणून प्रकार आहे. रामेन हे कामगार-विद्यार्थ्यांचं खाणं, त्याला १००० येनच्या वर पैसे द्यायला गिऱ्हाइकाचं मन होत नाही. पीठ, डुकराचं मांस, गॅस, वीज, पगार सगळं चढलं, भाव मात्र त्या भिंतीला अडकलेला. तेइकोकु डेटाबँक या पाहणी कंपनीच्या मोजणीप्रमाणे २०२४ साली रामेनच्या ७२ दुकानांचं दिवाळं निघालं, तोवरचा उच्चांक. आणि त्यात गुपचूप शटर ओढणारे म्हातारे मालक धरलेलेच नाहीत.

हाडं रात्रभर उकळत ठेवायची म्हणजे गॅसचं बिल बघा. पैसेवाला पर्यटक दोन-तीन हजार येन आनंदाने देईल, पण मग ते गल्लीतलं दुकान राहत नाही. ज्यांची जागा स्वतःची, नवरा-बायको दोघं राबतात, तेच टिकतात. वाटसरूला वाईट वाटेल, पण प्रेमाने गॅसचं बिल भरत नाही.

वाटसरू_तोक्यो

वाईट कशाला वाटेल, खरंच आहे. म्हणून एकच सांगतो: आवडत्या दुकानाने ५० येन वाढवले तर रेटिंगच्या ॲपवर जाऊन रडू नका. जास्तीचं अंडं मागवा, त्यात त्यांना दोन पैसे सुटतात.

गोदाकाठ

अनुमोदन. आणि वाडगा संपवा.

नारळीभात

आम्ही एप्रिलमध्ये टोकियोला येतोय. आई-बाबा (दोघं सत्तरीचे, मांसाहारी, चालतील) आणि आठ वर्षांची लेक. राहायला निशिकासाईला नणंदेकडे. ताइशोकेनला यांना घेऊन जाणं शहाणपणाचं आहे का? बाबांना रांगेत फार वेळ उभं राहणं झेपत नाही. आणि कसं जायचं?

वाटसरू_तोक्यो

@नारळीभात, जरूर जा. निशिकासाईहून तोझाई लाइनने ईदाबाशीला उतरा, तिथे युराकुचो लाइन पकडा, चौथं... थांबा, मोजून सांगतो. एदोगावाबाशी, गोकोकुजी, हिगाशी-इकेबुकुरो. तिसरं. स्टेशनपासून चालत दोन-चार मिनिटं. ईदाबाशीला बदलताना चालणं बरंच आहे, बाबांना लिफ्टच्या पाट्या बघून न्या. हौस असेल तर येताना जवळूनच तोदेन आराकावाची ट्राम जाते, लेकीला त्यात बसवा.

जेवणाची ऐन वेळ टाळा, शनिवार-रविवार तर टाळाच. दुपारी दोननंतर गर्दी ओसरते, पण सूप संपलं की दुकान बंद, तेव्हा फार उशीरही नको. त्या दिवशी उघडं आहे ना ते निघायच्या आधी बघून घ्या. पाचजणांना एकत्र बसायला मिळेल ही आशा सोडा, जागा होईल तसं दोन-दोन करून बसा. आईंना गार शेवई रुचणार नसेल तर 'आत्सुमोरी' मागा, त्यात शेवया गरम देतात.

नारळीभात

धन्यवाद! लेकीला एक अख्खी प्लेट जाईल का?

वाटसरू_तोक्यो

अजिबात नाही. तुम्हालाही जाणार नाही. लेकीला साधं रामेन घ्या, कमी शेवया सांगा आणि छोटा वाडगा मागून घ्या, देतात. आपल्या ताटात वाढून घ्यायच्या आधी बाबांना विचारा, बहुतेक त्यांचंच उरेल.

भरड

आणि मी टीज तानतानला बाहेर उभी राहून तुमची वाट बघते.

पाणकोंबडा

@भरड, ते गेटच्या आत आहे. तिकीट काढा.